पुढे पळणारं घड्याळ

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं नाही, भिंतीवर टांगून चांगलं आठवडाभर चालवून बघायचं, हा त्यांचा नियम. कुणी घाई केलीच तर सुनावतात, "अहो, यंत्र आहे ते, जरा रुळू द्या!" हाच माणूस व्यायामाला लागला आणि दुसऱ्याच सकाळी आरशासमोर पोट आत ओढून उभा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय?

व्यायामाचं कारण आमचा नातू, ढब्बू. दुकानात पार वर, छतालगत एक जुनं घड्याळ आहे. तास भरला की त्याच्या खिडकीतून एक पक्षी बाहेर येतो, ओरडतो आणि आत पळतो. तो जवळून बघायचा, असा ढब्बूचा हट्ट. आजोबा उचलायला गेले आणि अर्ध्यावरच त्यांच्या कमरेत उसण भरली. पक्षी आत गेला, आजोबा बाकावर आडवे झाले.

डॉक्टरांनी हलके व्यायाम सांगितले. ह्यांनी आधी नवे बूट आणले. मग पाण्याने भरलेल्या बाटल्या वर-खाली करणं, खुर्चीवरून ऊठबस. अंग इतकं दुखायला लागलं की घास तोंडाशी नेतानाही "आई गं!"

"दुखतंय म्हणजे आत काहीतरी घडतंय," मी म्हटलं.

"मग दिसत का नाही?"

परीक्षा दर रविवारी. ढब्बू यायचा, हे त्याला उचलायचे, तो कमरेपर्यंत यायचा की पुन्हा खाली. पुढच्या रविवारीही कमरेपर्यंतच. एकदा तर ढब्बूनेच हात मागे घेतले. "नको आजोबा, तुमची पाठ दुखेल."

एवढंसं पोर, पण समजूतदारपणा केवढा! ह्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. खरं सांगते, मला क्षणभर त्या पोराचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी बूट पलंगाखाली गेले. "पालथ्या घड्यावर पाणी," हे म्हणाले. "इतका घाम गाळला, पण मी आपला तिथल्या तिथेच."

त्याच आठवड्यात लेक ढब्बूला सोडायला आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, आता मला नाही गं उचलवत हा! कपडे तर बघता बघता आखूड होतात याचे."

मी हातातलं फडकं टाकलं आणि तशीच दुकानात गेले. हे डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"अहो, पुढे पळणाऱ्या घड्याळाशी लावून बघितलं, तर नीट चालणारं घड्याळ कसं दिसेल?"

"मागे पडल्यासारखं," मान वर न करताच ते म्हणाले.

"मग तुमचा ढब्बू काय दर रविवारी तेवढाच असतो?"

भिंग खाली आलं.

"म्हणजे मी तिथल्या तिथे नव्हतो?"

"नव्हता. भरलेली बादली हल्ली एका हाताने उचलता. मी बघत होते, पण बोलले नाही. म्हटलं, हरभऱ्याच्या झाडावर चढाल."

बूट पुन्हा बाहेर आले. आरशावर मी चादर टाकून ठेवली. आणि रविवारची परीक्षा बंद.

बरेच महिने गेले. एका रविवारी तास भरत आला, तेव्हा ढब्बू त्या घड्याळाखाली टाचा उंचावून उभा होता. उचला, असं काही म्हणाला नाही. ह्यांनी गुडघे वाकवले, त्याला धरलं आणि उठले. कमर गेली, छाती गेली, पोरगं खांद्यावर! मी श्वास रोखून उभी. खिडकी उघडली आणि पक्षी थेट ढब्बूच्या नाकासमोर आला.

"आजोबा," तो ओरडला, "हा तर लाकडाचा आहे!"

हे धापा टाकत हसायला लागले. "मग? उतरवू खाली?"

ढब्बूने त्यांच्या टकलावर दोन्ही हात घट्ट ठेवले. "पाठ दुखतेय?"

"छे!"

"मग नको."

दुकानात घड्याळं पुष्कळ होती. ह्यांनी त्याला एकेक करून सगळी दाखवली.