वाचनालयाच्या दरवाजाची दुसरी बाजू

मला आता कुणी ठोठावत नाही, मित्रांनो. ठोठावून उपयोगही नाही, कारण माझ्यापलीकडे खोलीच उरलेली नाही. मी ओकच्या लाकडाचा एक जुना दरवाजा आहे. क्लीव्हलंड शहरातल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या तळघरात, मोडक्या खुर्च्या आणि एक गळका पाइप यांच्यामध्ये, चौकटीसकट भिंतीला टेकून उभा असतो. कधीकाळी मी वाचनालयाचा दरवाजा होतो. हॉटेलाचा नाही, बँकेचा नाही, वाचनालयाचा. हे मी आल्यागेल्याला सांगतो. पाइपाला तर ते तोंडपाठ झालं आहे.

मला मेन्डल सापीर नावाच्या सुतारानं घडवलं. माणूस कुरकुऱ्या, पण हात सोन्याचा. त्यानं मला रंधा मारला, घासलं, तेल पाजलं आणि माझे खालचे कोपरे मुद्दाम गोल केले. "पोरांचं दार आहे," तो स्वतःशीच पुटपुटायचा, "पोरं दाराला कान लावून उभी राहतात. कोपरा लागला तर आया माझ्या नावानं बोटं मोडतील." मला बसवलं त्या दिवशी रब्बींनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, माझ्या चौकटीवर एक बोटाएवढी धातूची डबी ठोकली. तिला मेझुझा म्हणतात. आत चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली धर्मवचनं असतात. बाहेरून खोलीत शिरताना ती उजव्या हाताला यायला हवी, असा नियम आहे. जाता-येता माणसं तिला बोटं लावतात आणि तीच बोटं ओठांना लावतात. एवढ्या मायेचा स्पर्श किती दरवाजांच्या नशिबी असतो, तुम्हीच सांगा.

माझी कामाची वर्षं फार सुखाची गेली. पोरं बर्फानं भरलेल्या बुटांनी मला लाथा मारून उघडायची, पण त्याचा राग कधी आला नाही. आत पळायचं म्हणून लाथ मारणारं पोर बाहेर पळायचं म्हणून लाथ मारणाऱ्या पोरापेक्षा नेहमीच बरं. इथली एक रीत मला फार आवडे. हातातून पुस्तक खाली पडलं की पोरं ते उचलून त्याचा मुका घेत. ही रीत खरं तर पवित्र ग्रंथांसाठी आहे, पण लहान पोरांना कोण समजावणार! माकडाच्या गोष्टीच्या पुस्तकालाही तितक्याच मनोभावे मुका मिळे.

या वाचनालयाची ग्रंथपाल ब्लुमा कारेलिट्झ. ठेंगणी, गडगडाटी हसणारी आणि कुणी पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की तितक्याच गडगडाटानं ओरडणारी. दर हिवाळ्यात तिच्याकडे निरनिराळ्या गावांहून ग्रंथपाल जमत. वर्षभरात निघालेल्या ज्यू मुलांच्या पुस्तकांपैकी सगळ्यांत चांगली निवडायची, हे त्यांच्या मंडळाचं काम. निवडलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पदकाचा गोल शिक्का चिकटे. तो दिसला की गावोगावची वाचनालयं ते पुस्तक मागवत. ज्याला तो मिळत नसे, ते बिचारं बहुतेकदा पुढच्या हिवाळ्यापर्यंत दुकानातूनच नाहीसं होई.

त्या हिवाळ्यात ब्लुमाचा जीव एका पुस्तकात अडकला होता. नाव 'शुक्रवारची वाट'. राशेल टोलेदानो नावाच्या बाईंनी लिहिलेलं, चित्रंही त्यांचीच. छापणारा प्रकाशक इतका छोटा की त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. गोष्टही छोटीशीच. शुक्रवार संध्याकाळ आहे, शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे दिवे लावायची वेळ जवळ येते आहे, बाबा अजून आलेले नाहीत, आणि एक मुलगी दाराशी बसून वाट बघते आहे. संपलं. वाचनालय बंद झालं की ब्लुमा ते एकटीच मोठ्यानं वाची आणि शेवटचं पान लवकर मिटत नसे. तिचे वडील पावाची गाडी चालवत. तेही शुक्रवारी उशिराच येत. पण हे ती मंडळाला सांगू शकत नव्हती. स्वतःच्या आठवणीवर मत द्यायचं नाही, पुस्तकावर द्यायचं, हा मंडळाचा नियम तिनंच वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवला होता. शिवाय मंडळातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

रविवारी सकाळी बैठक भरली. ब्लुमानं आधी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, म्हणजे चर्चेत मी कुरकुरू नये. देवाची करणी बघा, आयुष्यात ज्या दिवशी मला बोलायची खरी गरज होती, त्याच दिवशी माझा आवाज गेला.

चर्चा नेहमीसारखी रंगली. मॉन्ट्रियलहून आलेली शुली बेनसुसान मंडळात सगळ्यांत धाकटी आणि जिभेनं सगळ्यांत तिखट. एकामागून एक पुस्तकं बाजूला सारत ती म्हणाली, "आणखी एक आजी, आणखी एक सूपचं पातेलं! आपल्या आज्यांना दुसरं काही कामच नाही का हो? एखादी आजी विमान चालवताना दाखवा की!"

"सूप करणाऱ्या आजीला नावं ठेवू नकोस, पोरी," हेश लेविन म्हणाला. "विमानात मिळतं ते सूप चाखलंयस का कधी?"

हा हेश म्हणजे शिकागोचा, शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झालेला. उंच, कोरडा, कोटाच्या खिशात कायम भिंग. पुस्तकातली चूक त्याला जेवणातल्या खड्यासारखी लागे. एकदा एका देखण्या पुस्तकात हनुक्काच्या, म्हणजे आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाच्या रात्री खिडकीबाहेर पूर्ण चंद्र काढला होता. सगळे वाहवा करत होते, आणि हेशनं भिंग ठेवून शांतपणे सांगितलं, "हनुक्का येतो आपला चांद्र महिना संपता संपता. तेव्हा आकाशात चंद्राची कोर दिसली तरी नशीब." ते पुस्तक तिथेच बाद झालं. त्या दिवसापासून हेश चूक म्हणाला की चूक, असंच सगळे धरून चालत.

'शुक्रवारची वाट'ची पाळी आली. ब्लुमानं पुस्तक वर धरलं आणि एकेक पान उलटून दाखवलं. टेबलाभोवती सगळे पुढे झुकले. चांगल्या पुस्तकापुढे ग्रंथपाल असेच झुकतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. शुलीनं तर डोळे पुसले आणि सर्दीचं निमित्त केलं. शेवटच्या पानावर दार उघडं होतं आणि दारात बाबा उभे होते, खांद्यावर बर्फ, हातात पावाची पिशवी. बाकी सगळं पान काळोखं.

हेशनं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"मेझुझा," तो म्हणाला.

"काय झालं मेझुझाला?" ब्लुमानं विचारलं.

"डावीकडे आहे. उजवीकडे हवा."

पुस्तक हातोहात फिरलं. खरंच, चित्रात ती डबी दाराच्या डाव्या अंगाला होती. शुली म्हणाली, "एवढीशी तर डबी आहे, हेश. तुमच्या भिंगाशिवाय कोण बघणार?"

"मुलं बघतात. आपण अक्षरं वाचतो, ती चित्रं वाचतात. घरचं दारच उलटं शिकवणाऱ्या पुस्तकाला आपण पदक द्यायचं?" त्याचा आवाज चढला नव्हता. मग तो थोडा नरमला. "मला वाईट वाटतंय, ब्लुमा. पुस्तक गुणी आहे. पण नाही."

सगळ्यांनी ब्लुमाकडे पाहिलं. ती चित्राकडे बघत राहिली. ते पान तिनं असंख्य वेळा उलटलं होतं आणि ही चूक तिला दिसली नव्हती. आठवणीनं आपले डोळे बांधले, हाच विचार तिच्या मनात आला असणार, कारण तिचा चेहरा लाल झाला. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "माझ्या नजरेतून सुटलं. काढ ते." आणि तिनं स्वतःच्या हातानं पुस्तक बाजूच्या खुर्चीवर ठेवलं.

मित्रांनो, ही सगळी मंडळी खोलीत बसली होती. समोर मी होतो. माझ्या चौकटीवरची डबी त्यांना सकाळपासून दिसत होती, आणि त्यांच्या जागेवरून ती डावीकडेच होती! बाहेरून शिरणाऱ्याला उजवी, ती आतून बघणाऱ्याला डावी, एवढी साधी गोष्ट. पुस्तकातली मुलगी घरात बसून वाट बघत होती, तिला आतूनच दिसणार ना? मी जीव तोडून कुरकुरायचा प्रयत्न केला, पण तेलानं माझं तोंड बंद केलं होतं. इतकं विद्वान मंडळ आणि एकालाही समोरचं दार दिसू नये, याचा मला संताप आला.

टेबलावर आता एकच पुस्तक उरलं होतं, ज्याची बाजू हेश सकाळपासून घेत होता. जेवणानंतर मत घेतलं की पदक त्यालाच मिळणार, हे उघड होतं. खालच्या स्वयंपाकघरातून शेवयांच्या गोड कुगलचा वास येत होता. सगळे उठले. ब्लुमा बसूनच राहिली.

हेश सगळ्यांत पुढे होता. बाहेर पडताना, आयुष्यभराच्या सवयीनं, त्याचा हात मेझुझाकडे गेला. डावा हात, डावीकडे. बोटं ओठांपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली.

"चला की हो," मागून शुली म्हणाली. "कुगल थंड होतंय."

हेश हलला नाही. त्यानं डाव्या हाताकडे पाहिलं. मग डबीकडे. तो बाहेर गेला, वळला, आत आला. पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आत आला. मागे रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, "याला चक्कर आली की काय?" मी मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण मला त्याच्या मनातली ओढाताण कळत होती. तो गुपचूप जेवायला गेला असता तर कुणाला काही समजलं नसतं. त्याचं पुस्तक जिंकलं असतं आणि त्याचं नावही शाबूत राहिलं असतं.

"सगळे बसा परत," तो म्हणाला.

"आता काय सापडलं?" शुली वैतागली.

"मी सापडलो." तो तरातरा खुर्चीपाशी गेला, ते पुस्तक उचलून त्यानं ब्लुमासमोर ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ब्लुमा, तुझ्या दारावरचा मेझुझा कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"सांगू नकोस, बघ."

ब्लुमानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग चित्राकडे. मग परत माझ्याकडे. आणि ती अशी हसली की कपाटातली पुस्तकं थरथरली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अरे गाढवा!" ती म्हणाली. "आणि मी त्याहून मोठी गाढव! पोरगी आत बसलीय ना रे!"

"आत बसलीय," हेश म्हणाला. "आणि मी बाहेर उभा राहून तिच्या चुका काढत होतो."

कुगल पार थंड झालं तरी कुणी उठलं नाही. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं गेलं, या वेळी हेशच्या आवाजात. मत झालं आणि पदक 'शुक्रवारची वाट'ला मिळालं. लगेच राशेलबाईंना फोन लावला. सगळे एका सुरात "मझल तोव!", म्हणजे अभिनंदन, असं ओरडले.  पलीकडून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं होतं, शेवटच्या चित्रावर हे पुस्तक आपटणार. माझा प्रकाशक सारखा मागे लागला होता, डबी उजवीकडे काढा म्हणून. तुमच्यात कुणालाच शंका आली नाही?"

सगळ्यांनी हेशकडे पाहिलं. ब्लुमा हेशला वाचवायला तोंड उघडणार, तेवढ्यात तोच फोनजवळ वाकला.

"आली होती, बाई. मला."

"मग?"

"मग मी जेवायला निघालो."

पुढची माझी कहाणी फार नाही. ब्लुमा निवृत्त झाली. वाचनालय मोठ्या दालनात गेलं. तिथे काचेचं दार आहे, माणूस दिसला की आपोआप सरकतं. मला काढताना रब्बींनी मेझुझा अलगद सोडवून नव्या दाराला लावला. मला तळघरात ठेवलं आणि सगळे विसरले. पाइपाच्या गळतीनं माझा खालचा भाग फुगला आहे. मेन्डलनं मायेनं गोल केलेले कोपरे सुटत चालले आहेत. याचं मला दुःख होतं, खोटं कशाला बोलू?

पण वर्षातून एकदा, पानगळीच्या सणाला, मुलं अंगणात फांद्यांच्या छपराचा मांडव उभारतात. त्याची एक भिंत म्हणून मला वर नेतात. माझ्यावर कागदी डाळिंबं टांगतात. गेल्या वर्षी मुलांनी मला उभं करून बांधलं, आणि मग त्यांच्यात भांडण जुंपलं की दार उलटं लागलंय. हेश क्लीव्हलंडला ब्लुमाला भेटायला आला होता. तो काठी टेकत मांडवापाशी पोचला. मुलांनी त्यालाच पंच केलं. "आजोबा, चुकलं ना हे?"

हेशनं समोरून मला पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग काठी टेकत, धापा टाकत, पूर्ण मांडवाला वळसा घालून तो माझ्या मागच्या बाजूला आला. तिथून निवांत पाहिलं. तेवढीच पायपीट करून परत समोर आला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू तळघरात टाकाव्या लागतात, मला कळतं. टाका, पण ओलीत टाकू नका, वर एखादं फडकं घाला. आणि कुणाची चूक काढावीशी वाटली तर आधी त्या म्हाताऱ्यासारखा एक वळसा घाला. पाय दुखतील थोडे, तेवढं सोसा.