जमादाराचा नेम

जळकोटच्या पेठेत गुरुपादप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच घर. त्या घरात नेमाला जेवढा मान, तेवढा जावयालाही नसेल. हातावरच्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, अन् एकदा धरलेला नेम जीव गेला तरी सोडायचा नाही. या नेमांच्या धाकात त्यांच्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, सारा संसार केला, आणि हसत केला. तिच्यासारखी बाई पेठेत दुसरी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा कलेक्टर आला, नव्या पाट्या लागल्या; पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यात राहून गेला असावा, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. सलग दुसरं साल कोरडं गेलं. टँकर यायचा, गावविहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळी पेठ दोर-घागरी घेऊन कठड्यावर तुटून पडायची. पूर्वी ज्या घरात घागरींनी पाणी सांडायचं, तिथं आता लक्ष्मम्मा तांब्यानं मापून द्यायची. माणसाला तांब्या, गाईला बादली आणि जमादारालाही तांब्याच.

जमादार म्हणजे घरचा कुत्रा. पिल्लू असल्यापासून दुकानाच्या पायरीवर असा ऐटीत बसायचा, की गुरुपादप्पांच्या आईला, सिद्धम्मांना, निजामाच्या वेळचा जमादार आठवला. तेच नाव पडलं, आणि पठ्ठ्या नावाला जागला. दुकानाचं मागचं कवाड उचकटणाऱ्या चोराचं धोतर त्यानं दातात धरलं, ते उजाडेपर्यंत सोडलं नाही. गुळाची ढेप उघडी असली तरी तिला कधी तोंड लावलं नाही. आता त्याचं तोंड पांढरं झालं होतं आणि उठताना मागचे पाय थरथरायचे, पण अनोळखी माणूस आला की गुरगुरणं मात्र चुकायचं नाही.

या जमादारानं पाणी सोडलं. ओसरीच्या कोपऱ्यात त्याची दगडी डोण होती, आत चांगली खोल. तो तिच्यापाशी जायचा, मान आत घालायचा, थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि माघारी येऊन पोत्यावर पडायचा. मग भाकरीकडंही बघेना.

गुरुपादप्पा हळहळले नाहीत, उलट त्यांची छाती भरून आली. "बघितलंस का?" ते लक्ष्मम्माला म्हणाले. "घरात पाणी कमी हाय, हे त्याला कळलंय. आपला वाटा त्यानं सोडला. अव्वानं केलं तेच ह्यो करायलाय."

अव्वा म्हणजे सिद्धम्मा. काही वर्षांमागं त्या आजारी पडल्या, पाणी नको म्हणाल्या आणि नेमानं देह ठेवला, असं सारं गाव सांगायचं. तेव्हापासून गुरुपादप्पांचा मान वाढला होता. पंचायतीत त्यांना पुढं बसवायचे. 'सिद्धम्माचा लेक' म्हणून लोक त्यांच्या पाया पडायचे आणि तेही पडू द्यायचे.

मग काय विचारता! जमादाराची गोष्ट दुकानातून पेठेत गेली आणि पेठेतून वाड्या-तांड्यांवर. लोक दर्शनाला येऊ लागले. कुणी त्याच्या कपाळाला विभूती फासली, कुणी गळ्यात झेंडूची माळ घातली. ती माळ हुंगून तो केविलवाणा शिंकायचा. शेजारच्या मलप्पानं तर शेताच्या बांधावर समाधीसाठी खड्डा खणायला घेतला. जमीन इतकी कडक, की दोन कुदळी मोडल्या. गुरुपादप्पांनी घरात ताकीद दिली, "कुणी त्याच्या तोंडाला पाणी लावायचं न्हाई. त्याचा नेम मोडायचा न्हाई."

लक्ष्मम्मा गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याला कारण होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सिद्धम्मांनी नेम धरलाच नव्हता. तापाच्या ग्लानीत त्या एकदा "पाणी नको" म्हणाल्या, आणि लेकानं त्याचा नेम केला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात असताना म्हातारीनं सुनेचा पदर धरला. "पोरी, घसा जळायलाय गं." लक्ष्मम्मानं कापूस भिजवून तिच्या ओठात पिळला, मग चमच्यानं पाणी पाजलं, आणि शेवटपर्यंत रोज पाजत राहिली. "गुरुपादाला सांगू नको," म्हातारी म्हणाली होती, "लई अभिमान हाय त्याला." तो शब्द लक्ष्मम्मानं पाळला होता. आता कुत्र्याला पाणी पाजायचं, तर आज ना उद्या नवरा अव्वाचं नाव काढणार आणि तो शब्द मोडावा लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि नाही पाजलं, तर जमादार मरणार होता.

दुपारी ती चुलीपाशी बसली होती. जमादार लटपटत आला आणि रांजणाला गुंडाळलेलं ओलं फडकं चाटू लागला. डोळे मिटून, जीव तोडून चाटत होता.

"अगं बाई," लक्ष्मम्मा म्हणाली, "तुला तर तहान लागलीय रे माझ्या राजा!"

तिनं त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. हिरड्यांना बोट लावलं तर बोट चिकटलं. मग ती डोणीपाशी गेली, आत डोकावली आणि तिथंच कपाळावर हात मारून घेतला. पूर्वी डोण काठोकाठ भरायची. आता तांब्याभर पाणी पार तळाला जाऊन बसत होतं. जमादाराची मान म्हातारपणानं आखडलेली. खाली वाकावं तर गुळगुळीत फरशीवर पुढचे पाय घसरायचे. पाणी त्याला दिसत होतं, वासही येत होता, फक्त तोंड तिथवर पोचत नव्हतं. इतके दिवस सारं गाव या हालांच्या पाया पडत होतं.

ताकीद तिनं गुंडाळून ठेवली. पीठ मळायची लाकडी काटवट घेतली. काटवट उथळ, पसरट. दुकानातली धान्य मापायची पायली पालथी घालून तिच्यावर ती ठेवली, म्हणजे जमादाराच्या छातीइतकी उंच आली. पायाखाली गोणपाट अंथरलं. पण तोवर त्याच्यात चाटायचंही त्राण उरलं नव्हतं. मग तिनं आपली बोटं पाण्यात बुडवून त्याच्या जिभेला लावली. घाई केली नाही, तोंडात ओतलं नाही. त्यानं बोट चाटलं की पुन्हा बुडवायचं. दुसऱ्या दिवशी पाण्यात थोडं ताक मिसळलं, आपल्या वाट्याचं. त्या वासानं त्याची शेपटी पहिल्यांदा हलली. त्यानंतर भाकरी पाण्यात कुस्करून दिली. नवरा दुकानात असला की हे चालायचं, आणि तो यायच्या आत काटवट जागच्या जागी. चोरून पुण्य करायची या बाईला सवयच होती म्हणा.

एका सकाळी गुरुपादप्पा गल्ला उघडा टाकून मधेच घरात आले. जमादार आपल्या पायांवर उभा होता आणि काटवटीतलं पाणी लपालपा पीत होता.

"अगं, काय केलंस हे? नेम मोडलास त्याचा!"

लक्ष्मम्मानं नवऱ्याचा हात धरला आणि त्यांना डोणीपाशी नेलं. "वाका. हात घाला आत."

गुरुपादप्पा कण्हत वाकले. कोपर आत गेलं तेव्हा कुठं बोटं ओली झाली.

"आता सांगा, त्याची मान जाती का तिथवर? त्यानं कसला नेम धरलाय? त्याला पाणी मिळत नव्हतं अवो, आणि आपण त्याला हार घालत बसलो."

गुरुपादप्पा तसेच वाकलेले राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात बाहेर काढला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"अव्वाबी," ते अडखळत म्हणाले, "अव्वालाबी पाणी पायजे व्हतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. लक्ष्मम्मानं म्हातारीला दिलेला शब्द आठवला, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ठरवलं.

"पायजे व्हतं. तापात नको म्हणाल्या, तुमी नेम समजलात. मी पाजलं. रोज. तुमाला सांगू नको म्हणल्या."

ते पायरीवर बसले. "पिली न्हवं पण? तहानेली न्हाई ना गेली माझी माय?"

"न्हाई अवो. गेल्या त्या सकाळीबी पिल्या. आशीर्वाद देऊन गेल्या."

गुरुपादप्पा लहान पोरासारखे रडले. रडता रडता त्यांनी बायकोला हात जोडले. नवऱ्यानं बायकोपुढं जोडलेले हात त्या घरानं कधी बघितले नव्हते. लक्ष्मम्मालाही काय करावं कळेना. तिनं ते हात आपल्या हातात धरून खाली केले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. मलप्पा दर्शनाला आलेली माणसं घेऊन दारात उभा होता, त्यांच्या हातात माळा, नारळ. गुरुपादप्पा उठले, डोळे पुसले आणि उंबऱ्यात जाऊन उभे राहिले.

"माघारी जावा," ते म्हणाले. "कसला नेम न् काय. आमच्या जमादाराला तहान लागली व्हती. माझ्या बायकोनं वळखलं, मला कळलं न्हाई."

मलप्पा गोंधळला. "असं कसं अप्पा? तुमच्या घरचाच नेम हाय हा. सिद्धम्माअव्वानं न्हाई का..."

मागची माणसं थांबली. साऱ्या पेठेचे डोळे गुरुपादप्पांवर होते. त्यांनी एकदा मागं वळून बायकोकडं बघितलं.

"तिलाबी तहान लागली व्हती," ते म्हणाले.