शेपटीताई

“पुन्हा परत आलं, ताई,” तिच्या खुर्चीमागे उभा राहून टीमचा प्रमुख म्हणाला.

तिनं मान वळवलीसुद्धा नाही. “आता काय म्हणणं आहे त्यांचं?”

“शेपट्या दुःखी वाटत नाहीत म्हणे.”

“मागच्या खेपेला फारच दुःखी होत्या ना?”

“हो. आता त्यांना मधलं काहीतरी हवंय.”

“मधलं म्हणजे काय? कोल्हिणीनं रडायचं की नाही, ते एकदा ठरवा म्हणावं!”

प्रमुख तिच्याहून वयानं बराच लहान. त्यानं नुसते हात वर केले आणि तिथून सटकला. तिनं चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

अ‍ॅनिमेशनचा चित्रपट होता, गाणाऱ्या मुलींच्या एका कोरियन बँडचा. त्यातली एक मुलगी खरं तर तिकडच्या जुन्या लोककथांमधली नऊ शेपट्यांची कोल्हीण. माणसाचं रूप घेऊन स्टेजवर नाचायची, पण मनापासून गायला लागली की शेपट्या बाहेर पडायच्या आणि पंचाईत व्हायची. चित्रपटाचे कर्तेकरविते लांब कुठेतरी बसलेले. काम मात्र तुकड्यातुकड्यांनी ठिकठिकाणच्या स्टुडिओंत वाटलेलं. कुणाकडे चेहरे, कुणाकडे कपड्यांच्या चुण्या. हिच्या वाट्याला शेपट्या आल्या, त्या दोन वर्षं सुटल्या नाहीत. ऑफिसात तिचं नावच शेपटीताई पडलं. आधी तिलाही हसू यायचं. मग येईनासं झालं.

घरी वडील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं मिटत आली होती आणि मधे राहिलेलं भोकही आता धुरकट झालं होतं. ती घरात शिरली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

“हललं का आज काही?”

“हललं थोडं.”

“थोडं म्हणजे?”

“तुम्ही एकदा शिंकाल ना, तेवढ्यात संपेल.”

“अख्ख्या दिवसात एवढंच? आमची पाटी बरी. एकदा लावली की हलायचं नावच नाही.”

त्यांच्या थट्टेत कौतुक असायचं, हे तिला कळायचं. पण दिवसभर वैतागून आलेल्या माणसाला कळलेलं सगळंच गोड लागतं असं नाही. “जेवायला बसा,” एवढंच ती म्हणायची.

एका प्रसंगावर मात्र तिचा जीव जडला होता. गाणं संपतं, टाळ्यांचा गजर मागे राहतो आणि कोल्हीण पडद्यामागे एकटी येऊन बसते. चेहरा दिसत नाही. फक्त पाठ आणि शेपट्या. जे काही सांगायचं ते शेपट्यांनीच. तोच प्रसंग पुन्हापुन्हा परत येत होता. शेवटी एकदाचा तो मंजूर झाला, तेव्हा ती घरी येऊन पहिल्यांदा आपणहून बोलली. “बाबा, हे तुम्ही बघायचंच. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. सगळं माझं आहे.”

“दिसायला हवं ना मला.”

“पुढच्या रांगेत बसू. मोठं दिसेल.”

चित्रपट लागल्यावर ती दुपारच्या खेळाला त्यांना घेऊन गेली. थिएटर शाळकरी मुलींनी गच्च भरलं होतं. सगळ्यांना सगळी गाणी पाठ. त्या खुर्च्यांवरून उठून नाचत होत्या, किंचाळत होत्या. वडील कानांवर हात ठेवून, मान तिरकी करून पडद्यात काहीतरी शोधत होते.

“हे का?”

“नाही, अजून आहे.”

ते गाणं आलं. कोल्हीण गायली, शेपट्या उसळल्या, मुली वेड्या झाल्या. तिनं वडिलांचा दंड धरला. “आता बघा हं.”

गाणं संपलं आणि पडद्यावर थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली. बँडच्या मुली हसतखिदळत गाडीत बसल्या.

“आलं का?” वडिलांनी विचारलं.

“पुढे घेतलं असेल,” ती म्हणाली. पुढेही ते आलं नाही.

बाहेर येताच तिनं प्रमुखाला फोन लावला. “अहो ताई, लांबी कमी केली त्यांनी,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुमच्या कानावर आलं असेल. पण बाकीच्या शेपट्या काय मस्त दिसतात हो!” तिनं पुढचं ऐकून घेतलं नाही.

“कापलं, बाबा,” ती म्हणाली.

“कापलं? मग मला आणलंस कशाला? कानठळ्या बसल्या नुसत्या.”

“मला काय स्वप्न पडलं होतं?” तिचा आवाज इतका चढला की पॉपकॉर्नच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. “दोन वर्षं हाडांची काडं केली मी! मान वळत नाही माझी आता. आणि त्यांनी साधं कळवलंसुद्धा नाही.”

वडील चाचपडत भिंतीकडेच्या बाकावर बसले. तीही बसली, पण तोंड फिरवून. आतून पुढच्या खेळाचं गाणं घुमायला लागलं.

“काय होतं गं त्यात?” त्यांनी विचारलं.

“सांगून नाही कळायचं. हलतं ते.”

“मग हलवून दाखव.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, बोटं पसरून.

“एक अंगठा मिटा,” ती म्हणाली. “नऊच हव्यात.”

त्यांनी डावा अंगठा मिटून घेतला. तिनं त्यांचे हात आपल्या मांडीवर घेतले, मनगटं उभी केली. “आत्ताच गाऊन आलीय ती. अजून सगळ्या ताठ आहेत. मग ही दमते.” तिनं एक बोट हळूच वाकवलं. “ही शेजारणीला टेकते. या दोघी एकदम पडतात. ही पडता पडता पुन्हा उठते. कुणीतरी बोलावलं असं वाटतं तिला.”

“बोलावलेलं असतं?”

“नाही.”

तिनं तेही बोट मिटवलं. पॉपकॉर्नची रांग पुढे सरकली, उशिरा आलेल्या मुली धावत आत गेल्या. एकेक करत बोटं खाली आली. उजवी करंगळी तेवढी उभी राहिली. वडील डोळे मिटून बसले होते.

“आणि ही?” त्यांनी विचारलं.

“ही पडत नाही,” ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. करंगळी तशीच उभी धरून ते बसून राहिले.