किल्ली हातात आणि इंजिन चालू

महाराजांनी किल्ली फिरवली, बाहेर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. तरीही इंजिन चालूच राहिलं.

गॅरेजमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदमच श्वास रोखला. गोल दिव्यांची ती जुनी हिरवी गाडी जागच्या जागी थरथरत होती, खोकत होती, धापा टाकत होती. किल्ली महाराजांच्या तळहातावर निवांत पडलेली. बराच वेळ असं चाललं, मग गाडीनं एक मोठा हिसका दिला आणि ती गप्प झाली. कुणीतरी हुंदका दिला. पुढच्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी डोळे पुसले.

"पाहा!" महाराज म्हणाले. "यंत्र बंद, पण चालवणारा बंद नाही! देह म्हणजे नुसती बॉडी हो, आत्मा हे खरं इंजिन! जिथं विज्ञानाचं पेट्रोल संपतं, तिथं आमचा पहिला गिअर पडतो!"

त्यांचं नाव मौनीमहाराज. ते मौन पाळत असलेच तर झोपेत पाळत असावेत, कारण जागेपणी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबलेला कुणी पाहिला नव्हता.

धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती. गाडी तिच्या वडिलांची. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ती दूरच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर, त्यामुळे घरी येणं कमीच. दादानं फोनवर सांगितलं होतं, "आईला अण्णा भेटतात. तू एकदा ये आणि बघ." ती आली होती ती महाराजांची खरडपट्टी काढायला, पण आता ती भिंत सोडायला धजत नव्हती.

कारण तिलाही काहीतरी जाणवत होतं. मानेमागे कुणीतरी उभं असल्यासारखं. कपाळ जड झालेलं, छाती धडधडत होती, आणि धुपाच्या वासाखाली अण्णांच्या कपड्यांना यायचा तो वास, ग्रीसचा आणि पेट्रोलचा. गाडीच्या खोकण्यात तिला त्यांचं खोकणं ऐकू आलं. एका क्षणी कोपऱ्यातल्या टेबलाशी वाकलेली त्यांची पाठसुद्धा दिसल्यासारखी वाटली. तिनं डोळे मिटून घेतले. भुताची भीती तिला वाटली नाही. ती पाठ पुन्हा दिसावी असं आतून वाटत होतं, भीती त्याचीच वाटली.

समोर आई बसली होती. अण्णांच्या फोटोपुढे, डोळे अर्धवट मिटून. वर्षभरात ती निम्मी झाली होती. सकाळी उठल्यावर डोकं धरायची, जेवण समोर आलं की मळमळायचं, बोलता बोलता शब्द विसरायची. महाराज म्हणायचे, आत्म्याचा भार अंगावर घेतला की असं व्हायचंच.

"येत्या वर्षश्राद्धाला महासंवाद!" महाराजांनी जाहीर केलं. "माउली एकट्या गाडीत बसतील. गॅरेजची दारं बंद, फटींना पडदे, प्रकाशाचा किरणही नको. आम्ही बाहेरून नामस्मरण करू. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालेल, आणि त्याच्याबरोबर अण्णा मोकळे होतील. नंतर ही पवित्र गाडी आश्रमात विसावेल."

"माझं काहीही झालं तरी चालेल," आई म्हणाली. "एकदा नीट बोलायला मिळू दे."

धाकटी बाहेर अंगणात आली. नळाखाली तोंड धुतलं आणि पायरीवर बसून राहिली. हळूहळू कपाळ हलकं झालं, छातीची धडधड ओसरली. अण्णाही ओसरले.

तेवढ्यात दादा आला. शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण गाडीतला त्याला फक्त हॉर्न कळायचा. "बघितलंस? मलाही आधी पटत नव्हतं. आणि आईच्या तब्येतीचं म्हणशील, तर मी स्वतः तिच्या बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावून बघतो. आकडा एकदम उत्तम!"

"आकडा उत्तम," धाकटी पुटपुटली.

दिवसभर लोकांचे श्वास सांभाळणारी बाई ती. तिला माहीत असायला हवं होतं. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र एका विषारी वायूपुढे साफ फसतं: रक्तात ऑक्सिजनऐवजी तो बसला, तरी यंत्र आकडा चांगलाच दाखवतं. त्या वायूला वास नाही, रंग नाही. तो इंजिनाच्या धुरात असतो.

"दादा, गाडीला हात कोण लावतं?"

"महाराजांचा शिष्य. दर बैठकीआधी येऊन सेवा करून जातो."

"आणि महाराज नेहमी कुठं बसतात?"

"गॅरेजच्या मागच्या खिडकीशी. आत्मा तिथून येतो, म्हणून ती उघडीच ठेवावी लागते ना."

धाकटी उठून परत आत गेली. बैठक मोडली होती, माणसं बाहेर पडत होती. शिवणकामवाल्या काकू भिंतीला धरून चालत होत्या. "साक्षात्कार झाला गं," त्या म्हणाल्या, आणि दाराबाहेर ओकल्या.

रिकाम्या गॅरेजमध्ये अण्णांची हत्यारं देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारखी मांडली होती. पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांना फुलं वाहिलेली. वर्षभरात एकाही हत्याराला कुणी कामासाठी हात लावला नव्हता. आणि फोटो ठेवला होता दोन विटांवर. त्यातल्या एकीचा कोपरा उडालेला, दुसरीवर काळ्या तेलाचा डाग.

त्या विटा तिनं ओळखल्या. लहानपणापासून रविवारी ती अण्णांच्या हाताखाली काम करायची. त्यांची कामाची रीत ठरलेली. आधी दोन्ही दारं सताड उघडायची, वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून एकेका दाराला एक वीट लावायची, मग किल्ली. "विटा लावल्यास का गं?" हे विचारल्याशिवाय त्यांनी गाडी कधी चालू केली नाही. घरच्यांना ती म्हाताऱ्याची सवय वाटायची. ते गेल्यावर त्या विटा 'त्यांच्या हातच्या' म्हणून धुऊन पुसून पूजेला लागल्या, आणि दारं बंद झाली.

तिनं बॉनेट उघडलं. सगळ्यावर धुळीचा आणि तेलाचा थर, फक्त इंजिनाला पेट्रोल आणि हवा पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरवरच्या एका छोट्या स्क्रूचं डोकं लखलखत होतं. शिष्याची सेवा तिथं चालायची. मग ती गाडीखाली सरकली. सायलेन्सरच्या नळीचा सांधा काजळीनं काळा पडला होता, आणि त्याच्या वरच गाडीच्या तळाला, गंजून, बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

तिनं त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुझ्याकडे यंत्रं आहेत, औषधं आहेत. माझ्याकडे तेवढं एकच आहे. तेही काढून घे."

सांगून हे पटणार नाही, दाखवावंच लागेल, हे धाकटीला कळलं.

वर्षश्राद्धाला अख्खी गल्ली अंगणात लोटली. दारांवर जाड पडदे, आत आई गाडीत बसलेली, इंजिन नुकतंच सुरू झालेलं. महाराज पायरीवर बसून डोळे मिटायच्या बेतात होते. धाकटी गर्दीतून वाट काढत आली, तिनं पडदे ओढून काढले आणि दोन्ही दारं सताड उघडली. आत गेली, गाडीचं दार उघडून फोटो आईच्या मांडीवर ठेवला, आणि विटा आणून दारांना लावल्या.

"पाप! घोर पाप!" महाराज ओरडले. "संवाद तुटला!"

"मग जोडा की," धाकटी म्हणाली. "आईऐवजी तुम्ही बसा. दारं बंद, पडदे लावलेले, आणि हो, मागची खिडकीसुद्धा बंद. पेट्रोल संपेपर्यंत. बसता?"

महाराजांनी खिडकीकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"आम्हाला... आम्हाला आज आज्ञा नाही."

"कधी आहे? आम्ही थांबतो."

पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "बसा ना महाराज. आम्ही वर्षभर बसलोच की."

पहिल्यांदाच मौनीमहाराज नावाला जागले.

धाकटीनं ओला फडका घेऊन सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबलं. गाडीच्या पोटाखालून फुस्स असा आवाज सगळ्यांनी ऐकला. "धूर इथून फुटतो आणि थेट आत येतो. तो भिनला की डोकं जड होतं, छाती धडधडते, नाही ते दिसतं. आणखी भिनला की माणूस उठत नाही." मग तिनं किल्ली काढली. गाडी खोकत, थरथरत राहिली. "इंजिन आतून काजळलंय. निखाऱ्यासारखी तापलेली ती काजळी पेट्रोल पेटवते, म्हणून ठिणगीशिवायही चालतं. पण त्यासाठी ते आधी जोरात फिरत असावं लागतं. शिष्यानं हा स्क्रू आवळून तेवढी सोय केली." तिनं अण्णांचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्यावरचं फूल बाजूला ठेवलं, हिसका देऊन थांबलेली गाडी पुन्हा चालू केली आणि स्क्रू सैल केला. इंजिनाचा सूर खाली आला. तिनं किल्ली फिरवली.

गाडी थांबली. तत्काळ, निमूटपणे.

त्या शांततेत आईचा चेहरा पाहवेना. "म्हणजे ते नव्हतेच?" ती म्हणाली. "एकदाही?"

धाकटी तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. "आई, अण्णा आले असते, तर त्यांनी सगळ्यात आधी दार उघडलं असतं."

आईनं दारांकडे पाहिलं. विटांकडे पाहिलं. आणि अण्णा गेल्यापासून जी रडली नव्हती, ती मोकळेपणी रडली. दादा मान खाली घालून उभा होता. महाराज केव्हा सटकले ते कुणालाच कळलं नाही. चपला मात्र राहिल्या.

गेलेलं माणूस परत यावं असं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या वाटण्यावर कुणी दुकान मांडलं, तर दोन साधे प्रश्न विचारावेत: हे होतं कसं, आणि सांगणारा स्वतः कुठं बसलाय? तो उघड्या खिडकीशी बसला असेल, तर आपण बंद खोलीत बसू नये. आणि जुनी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्यांनी हत्याराला हात लावण्याआधी दारं उघडावीत.

आईची डोकेदुखी गेली, जेवणही जाऊ लागलं. धाकटी आता सुट्टीच्या दिवशी येते. तिनं तळाचं भोक पत्रा लावून बुजवलं, सायलेन्सरची नळी बदलली, इंजिन उघडून काजळी खरवडली. एका रविवारी घाईत तिनं किल्ली हातात घेतली, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. वाक्य अण्णांचं, आवाज आईचा.

"विटा लावल्यास का गं?"