बीमला बांधलेलं कापड

समाजमंदिरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर होत्या. छताच्या मधल्या बीमला खालून चीर पडली होती आणि गावोगाव कापड बांधत फिरणारे बंधनबाबा शिडीवर चढून, चीर किती उघडी ते दाखवायला, तिच्यात पोस्टकार्ड घालत होते. पोस्टकार्ड अलगद आत गेलं.

"सिमेंटला भय बसलंय," बाबा म्हणाले. "लोखंडाला नजर लागलीय. दोन्ही मी काढतो."

चिरेच्या शेजारी त्यांनी भगवं कापड गुंडाळून गाठ मारली आणि छतावरच्या टाकीतलं पाणी मंत्रून दिलं. मिरजगावकडचा आमचा मुलूख, त्यात एप्रिल. टँकर येईल तेव्हा पाणी. तीर्थ म्हटल्यावर बायांनी हंडे, कळशा, रॉकेलचे डबेसुद्धा आणले. देवीची आरती संपेतो टाकी कोरडी पडली. बाबा पुन्हा शिडीवर चढले, तर पोस्टकार्ड शिरेना. चीर मिटली होती. पुढं बसलेल्या झुंबरबाईंनी तिथंच लोटांगण घातलं. मग बाबांनी चिरेवरही कापड ओढलं. दर अमावस्येला येऊन गाठ ताजी करीन, मधे कुणी सोडायची नाही, असं बजावून ते गेले.

त्याच बीमखाली रात्रीच्या प्रौढ वर्गात म्हातारपणी मी अक्षरं गिरवली. दिवसा तिथं चांगुणाबाईची बालवाडी भरे. ती पोरांना बाहेर निंबाखाली बसवू लागली, तेव्हा सरपंच आबासाहेबांनी तिला सुनावलं, बाबांवर विश्वास नसेल तर दुसरी बाई बघतो. तिनं मुकाट्यानं पोरं आत नेली. पण पोरं जेवत असताना तिची नजर वरच असायची.

पुढच्या अमावस्येला बाबांनी कापड सोडलं, तर चीर पुन्हा उघडी. भय परत आलं म्हणाले. एवढ्यात मागून एक तरुण बाई पुढं आली. प्रज्ञा तिचं नाव. नागापूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती.

"बाबा, आज टाकीला हात न लावता चीर मिटवा. तीर्थ मागनं घेऊ."

"देवीची परीक्षा घेतीस, पोरी?"

"देवीची न्हाई. टाकीची."

आबासाहेब तिला बाहेर काढायला उठले. पण चांगुणाबाई टाकीच्या नळापाशी जाऊन उभी राहिली. "ह्या बीमखाली रोज पोरं मी बसवते. मला बघायचंय."

बाबांनी मंत्र म्हटले, आरती झाली. पोस्टकार्ड आत गेलं. पुन्हा मंत्र, पुन्हा तेच. मग प्रज्ञा म्हणाली, आता मंत्र नको, नळ सोडा. बायांनी भांडी भरली. टाकी रिकामी झाली आणि बाबांनी बोटही न लावता चीर मिटली.

"वर भरल्या टाकीचं ओझं आलं की बीम वाकतो, चीर उघडते," ती म्हणाली. "ओझं उतरवलं की मिटते. ते तुमीच घागरीनं उतरवत हुता. टँकर आला की चीर परत उघडायची, पण कापडामागं दिसायची न्हाई."

"मंग कापडानं कायच होत न्हाई व्हय?" गावातल्या रंभाजीनं विचारलं.

तिनं बीमसारख्याच, सिमेंटच्या दोन लहान कांबी आणल्या होत्या. एकीला बाबांसारखं कापड बांधलेलं, दुसरीच्या पोटाला काचेच्या धाग्यांचं कापड राळेनं चिकटवलेलं. दोन विटांवर ठेवून तिनं मधोमध ओझं टांगलं. पहिल्या कांबीचे काडकन दोन तुकडे झाले. दुसरीला केसासारख्या पुष्कळ चिरा गेल्या, पण ती टिकली. हेही चीर मिटवत नाही, ती म्हणाली, नीट चिकटलं तर ताण घेतं, आणि किती घेईल ते असे नमुने मोडूनच कळतं.

बाबा बाहेर उभ्या आपल्या जीपकडे सरकत होते. रंभाजीनं पोरीला विचारलं, ह्या गावाशी तुझं काय नातं?

तिनं पिशवीतून दुसरं भगवं कापड काढलं. त्याला सिमेंटचे खडे चिकटले होते.

"पलीकडच्या गावातलं हाय. ह्यांनीच बांधलेलं. माझा भाऊ करण त्या बीमखाली हुता. ढिगाऱ्यातनं त्याला काढला, तवाबी गाठ तशीच हुती."

चांगुणाबाई पोरांच्या पाट्या उचलून बाहेर नेऊ लागली. मग तिनं सतरंजीचं एक टोक उचललं, तेव्हा दुसरं टोक आबासाहेबांनी धरलं.

चीर दिसली तर तिच्यावर कापड घालू नका. आधी ओझं उतरवा, टेकू द्या, जाणत्याला बोलवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या हाताकडे बघता तसं त्या वेळी आपले हात काय करतायत तेही बघा. आम्ही पाणी भरत होतो.