कागदावर न येणारी खोली

फेलो मिस्त्रीने मुठीतला चुना सोडत सोडत रेघ ओढत आणली आणि अंगणातल्या लिमोन्सिओच्या फळझाडाच्या बरीच अलीकडे ती काटकोनात वळवली.

"मिस्त्री, थांबा," युदेल्का म्हणाली. "पुढची खोली राहिली."

"कुठली पुढची?"

"आईची."

फेलोने हात झटकले. फळीवर दगड ठेवून दाबलेला नकाशा त्याने तिच्यापुढे धरला. "झोपायच्या दोन खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी. संपलं घर. यात तुझ्या आईची खोली तूच दाखव, पोरी."

लुसला कडेवर सावरत युदेल्का वाकली. कागदावर झाडाच्या बाजूची भिंत सरळ, सलग होती. तिच्या पलीकडे नुसता पांढरा कागद.

"जुना कागद असेल हा," ती हसून म्हणाली.

"काल संध्याकाळी दिलाय तुझ्या नवऱ्याने. म्हणाला, हाच शेवटचा. माझं काय, सांगाल तिथे खणतो. पण आधी ठरवा. खणताना मी गाणी म्हणतो, बुजवताना शिव्या देतो."

"आलेच," म्हणत ती घरात शिरली.

फळ्यांच्या त्या जुन्या घरात टेबलावर तिच्या नवऱ्याचा, रादामेसचा, लॅपटॉप तसाच उघडा होता. मागच्या पडवीत आई मजुरांसाठी सांकोचोच्या रश्श्याची तयारी करत होती. युकाच्या कंदावरून सुरी फिरल्याचा आवाज येत होता. लुसला मांडीवर घेऊन, तिचे चिमुकले हात बटनांपासून लांब धरत, युदेल्काने ड्रॉइंग उघडलं.

खोली होती. नेहमीच्या जागी, हिरव्या रेघांत.

खाली अंगणाचा फोटो होता. रादामेसने ऑफिसातलं ड्रोन आणून वरून काढलेला. गंजलेले पत्रे, झाडाचा गोल घेर, आणि धुण्याच्या तारेपाशी लाल रुमाल बांधलेलं एक डोकं. ती आई. त्या फोटोवरच नवं घर आखलं होतं. भिंतींचा एक लेयर, दारांचा एक, नळांचा एक. आईची खोली मात्र युदेल्काने स्वतः काढली होती, लुस अगदी तान्ही असताना, तिला उजव्या खांद्यावर झोपवून, डाव्या हाताने. घरात यायला एक दार, थेट अंगणात उतरायला दुसरं, खिडकी पूर्वेला. लेयरला नावही आईचंच दिलं होतं. खोलीच्या रेघा अशा पडल्या की फोटोतली आई बरोबर मधोमध आली. "घ्या, सासूबाई राहायला आल्यासुद्धा," रादामेस म्हणाला होता, आणि हसता हसता बाळ जागं होईल म्हणून दोघांनी तोंडावर हात धरला होता.

त्यानंतर माउस त्याच्याच हातात गेला. इंजिनियरच्या ऑफिसातली तिची नोकरी सुटलीच होती, आणि घरी तिचे हात कधी मोकळे नसायचे. पण रोज संध्याकाळी तो स्क्रीन तिच्याकडे वळवायचा. फोटो बंद करून नुसतं घर दाखवायचा, मग पुन्हा फोटो लावायचा. "ही बघ तुझ्या आईची खोली." दूध पाजता पाजता ती बघायची. खोली रोज दिसायची.

आता तिने प्रिंटचं बटन दाबलं. छापण्याआधी कागद कसा दिसेल ते समोर आलं.

खोली नव्हती.

तिने लेयरची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे बारीक बारीक चिन्हं असतात. दिवा पेटलेला असला की तो लेयर स्क्रीनवर दिसतो. आईच्या नावापुढचा दिवा पेटलेला होता. त्याच ओळीत पुढे इवलासा प्रिंटर होता आणि त्याच्यावर तांबडी काट मारलेली होती. स्क्रीनवर दिसेल, कागदावर उतरणार नाही. ऑफिसात असताना स्वतःच्या कच्च्या खुणा ती अशाच लेयरवर ठेवायची, गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून.

चुकून क्लिक होतं. तिच्याकडूनही झालं होतं. तिने स्वतःला तसं सांगून पाहिलं. मग हिरवा लेयर तिने स्वतःच बंद केला. घरातून आईच्या खोलीत जाणाऱ्या दाराच्या जागी, हिरव्या रंगाखाली, भिंतीचा एक तुकडा बसवलेला होता. कोपऱ्याला कोपरा जुळवून, केसभरही फट न ठेवता. चूक इतकी नीटनेटकी नसते.

दिवा मालवला असता तर तिला त्याच संध्याकाळी कळलं असतं. हे ज्याने केलं त्याला ते माहीत होतं.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. लोखंडी सळ्या उतरवून घेऊन रादामेस शीळ घालत आत आला. "मिस्त्री का बसून राहिलाय झाडाखाली?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "दाखव."

"काय?"

"रोज दाखवतोस ते. आईची खोली."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"युदे, आधी ऐकून घे."

"जमीन तिची आहे, रादामेस. उद्या हे घरही पाडणार आपण. तिच्याच जमिनीवर तिला टेकायला जागा नाही? आणि मला रोज चित्र दाखवत होतास? मी काय, लुस आहे खुळखुळ्याने गप्प बसायला?"

"मला नको विचारूस."

"मग कोणाला विचारू? प्रिंटरला?"

त्याने ओठ पुढे काढून मागच्या पडवीकडे खूण केली.

पडवीतला सुरीचा आवाज थांबला होता.

"त्याच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. ती दारात येऊन उभी होती, हातात सुरी, नखांत युकाची माती. "मीच सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"खोली बांधू नकोस म्हणून. मी सांचेसला चाललेय. तोन्यामावशीकडे."

"किती दिवस?"

"दिवस कसले. राहायला."

लुसने बटनांवर थाप मारली. स्क्रीनवरचं घर एका बाजूला सरकलं. कोणी तिकडे पाहिलं नाही.

"माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार? मी माझी पोरं वाढवली, शेजारणींची वाढवली. इथे राहिले तर लुस उठली की मी उठणार. तू नाही म्हणशील तरी उठणार, मला ठाऊक आहे माझं. जिथे मला कोणी उठवणार नाही तिथे जायचंय, पोरी. खाडीकडे तोंड करून बसू दोघी बहिणी, भांडू पोटभर."

"मग हे मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"रडले असते. मग?"

"तू रडलीस की मी थांबते. सांतियागोला नोकरी लागली होती, तेव्हा बॅग दारात होती माझी. तू दाराला धरून रडलीस, मी बॅग सोडली. नंतर एकदा आणखी सोडली, ते तुला माहीतही नाही." आईने सुरी पदरासारख्या लोंबणाऱ्या अ‍ॅप्रनला पुसली. "म्हणून याला म्हटलं, तिला दिसू दे. बांधू नकोस फक्त. स्लॅब टाकून झाला की सांगू."

"दोन्या नेरेइदा," रादामेस सासूला म्हणाला, "मी तुम्हाला म्हणत होतो की तिला आधी..."

"तू गप बस. तुझं काम झालं."

युदेल्का दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भातातल्या मिठापासून बेसबॉलच्या संघापर्यंत या दोघांचं कधी एका गोष्टीवर जमलं नव्हतं. जमलं ते एवढ्यावर. रोज संध्याकाळी तो स्क्रीन वळवायचा, तेव्हा आई कॉफीचा कप घेऊन याच दारात यायची आणि म्हणायची, "खिडकी किती छान काढलीस गं." एकदा तर पडदा कुठल्या रंगाचा लावायचा हेही तिने विचारलं होतं. युदेल्काने पिवळा सांगितला होता, आणि बाजारात जाऊन कापड बघूनही आली होती.

तिला रडू येऊ लागलं. आईला ते तिच्याही आधी दिसलं. तिने सुरी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात अ‍ॅप्रनला पुसले, जवळ घेण्याआधी नेहमी पुसायची तसे. रादामेस टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

युदेल्का उठली. खिडकीपाशी गेली.

"मिस्त्री!" तिचा आवाज सरळ निघाला. "कागदावर आहे तसंच खणा."

बाहेर कोणीतरी रेडिओ मोठा केला. पहिलं फावडं मातीत गेलं.

आई पुसलेले हात तसेच पुढे धरून उभी होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

युदेल्काने लुसला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सांचेसची पहिली बस किती वाजता असते?" तिने विचारलं.

आईला ते पटकन आठवेना.