उंदराचा उजवा कान

अकरा वर्षं मी प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळतेय, पण 'मावशींनी पिंजऱ्यांची अदलाबदल केली' असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ते मोठ्या सरांनी म्हटलं, तेही सगळ्यांसमोर. वर म्हणाले, सोमवारपासून दुसरी बाई बघू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काम असं होतं. काही उंदरांच्या एका जनुकात बिघाड आहे. त्यामुळे मेंदूच्या पेशीचं एक बारीकसं दार नीट लागत नाही, आणि जरा खुट्ट झालं की पेशी भडकते. मग उंदराला फिट येते. बाकीचे उंदीर धडधाकट. आमच्या चष्मिसने, म्हणजे सरांच्या विद्यार्थिनीने, तीन महिने दोघांच्या पेशी तपासल्या, फिट मोजल्या, तर निघालं भलतंच. धडधाकटांना फिटवर फिट, आणि बिघाडवाले आपले मजेत!

"मावशी, खुणा तुम्हीच केल्या होत्या ना?" पोरगी रडकुंडीला आली होती.

"केल्या की. बिघाडवाल्याच्या उजव्या कानाला खाच, धडधाकटाच्या डाव्या. झोपेतसुद्धा चुकायची नाही मी. तू कशी बघतेस ते दाखव."

तिने एक उंदीर काचेच्या डब्यात ठेवला आणि समोर वाकली. उंदीर तिच्याकडे तोंड करून बसला. तिने लगेच लिहिलं, डावा कान.

"अगं बये! डावा कुणाचा? तुझा की उंदराचा?"

मी खाच पाडताना उंदराला मानेला धरते, तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे असते. त्याचा उजवा तोच माझा उजवा. ही बघते समोरून, म्हणजे तिच्या डाव्या हाताला दिसतो तो उंदराचा उजवा. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

सर ऐकेनात. म्हणाले, "नुसत्या गप्पा नकोत, शेपटीची टोकं जनुकाच्या तपासणीला पाठवा." दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरेना.

नवरा म्हणाला, "उंदरांपायी जीव देतेस का काय?"

"उंदरांपायी नाही हो, नावापायी."

शुक्रवारी दुपारी निकाल आला. बावीसच्या बावीस उंदीर माझ्या खाचांप्रमाणे! चष्मिसचे आकडे उलटे लावले आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. पेशी भडकत होत्या त्या बिघाडवाल्यांच्याच, फिटही त्यांनाच येत होत्या. सर स्वतः उंदरांच्या खोलीत आले, सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "मावशींची चूक नव्हती. मी घाईने बोललो. माफ करा मावशी."

दोन दिवस मनात उत्तरं घोकली होती, एकापेक्षा एक झणझणीत. एक आठवेल तर शपथ. मी खाद्याच्या पोत्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. चष्मिस गळ्यात पडली, तीही रडायला लागली.

"पुरे गं," मी नाक पुसत म्हटलं, "उंदीर बघतायत. आणि सोमवारी लवकर ये, तुला उंदीर धरायला शिकवते."